हाताची खाज आणि बांधावरचे गाजर गवत



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाणी सोडून खाजेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आडसाली लागणीच्या नोंदी घेत श्रावण-भाद्रपदात गटागटातून फिरताना सभासद आम्हाला उसाआधी हातच दाखवतात. कुणाच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ, कुणाचा तळहात भेगाळलेला, कुणाच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड व काळी पडलेली. विचारले की उत्तर ठरलेले, "काही नाही साहेब, उष्णता झालीय." आणि खिशातून एक अर्धी पिळलेली ट्यूब निघते. उजव्या हाताला खाज सुटली की पैसा येतो म्हणतात, पण बिलाच्या हप्त्याचा आणि या खाजेचा काही संबंध नाही हे आपण सगळेच जाणतो.

हा विषय चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. आमच्या माहितीतील एका सभासदाने दोन वर्षांपूर्वी आपली साडेतीन एकर जमीन वाट्याने दिली. वय पन्नाशीच्या आत, अंगात ताकद, कर्ज नाही. कारण एकच, शेतात पाऊल टाकले की दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद होत आणि हातांची सालटी निघत. सुरुवात झाली होती ती नुसत्या हाताच्या खाजेपासून. चार पावसाळे त्याने ती अंगावर काढली.

या दुखण्याच्या मुळाशी होते गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत असेही म्हणतात. पाने गाजरासारखी म्हणून एक नाव, पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून दुसरे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या राज्यात पुण्याच्या परिसरात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास झाली. अमेरिकेच्या मिलो-गव्हाबरोबर ते आले असे घरोघरी सांगतात. ज्या पी.एल. ४८० खाली तो गहू आला तो करार मात्र १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि त्याआधीही परदेशी धान्य येतच होते. तेव्हा नेमके कोणत्या पोत्यातून आले याचा वाद घालण्यात अर्थ नाही. आले आणि पसरले. आज पाटाच्या कडेला, चाऱ्यांवर, गाडीवाटेला, गावठाणात, शाळेच्या पटांगणात, कुठे नाही ते?

त्याचा माणसाच्या कातडीशी असलेला संबंधही महाराष्ट्रातच प्रथम ठळकपणे पुढे आला. पुण्याचे डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी १९६८ साली या गवतामुळे झालेल्या त्वचारोगाची हकीकत वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. पुढे १९७४ साली डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर लंडनच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे, तरी गावात अजून "उष्णता"च चालू आहे.

हे गवत करते काय? त्याच्या पानांवर व खोडावर अगदी बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत उपटताना, तुडवताना, वाळून चुरा होताना ही लव तुटते, हाताला लागते आणि वाऱ्यावर धुळीसारखी उडते. पहिल्यांदा काहीच होत नाही. दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या वेळीही होत नाही. म्हणून माणूस म्हणतो, "मी तर लहानपणापासून हातानं उपटतोय, मला काय झालं?" पण शरीर मात्र आत कुठेतरी त्या द्रव्याची ओळख धरून ठेवत असते. काहींच्या बाबतीत एक दिवस ती ओळख पक्की होते आणि मग शरीर त्यावर उलटते. यालाच अॅलर्जी म्हणायचे. एकदा ती आली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढे थोड्याशा स्पर्शानेही भडका उडतो. सर्वांनाच होते असे नाही. कोणाला होईल हे मात्र आधी सांगता येत नाही.

यात फसवणारी गोष्ट वेळेची आहे. खाजकुयली लागली तर लगेच कळते. गाजर गवताचे तसे नाही. आज निंदणी केली तर खाज उद्या रात्री किंवा परवा सुटते, कधी तिसऱ्या दिवशी. मधल्या काळात माणसाने वांग्याची भाजी खाल्लेली असते, युरिया टाकलेला असतो, लग्नाला जाऊन आलेला असतो. दोष मग वांग्याला, मासळीला, खताला. म्हणून आमचे सांगणे असे की खाज सुटली की आज काय खाल्ले हे आठवण्याऐवजी परवा हात कशाला लागला होता हे आठवावे. शक्य तर घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. महिनाभराच्या नोंदीत बहुधा चोर सापडतो.

आणखी दोन खुणा आहेत. एक, नुसता हात नव्हे तर पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची लवण या उघड्या भागांवरही पुरळ असेल, झाकलेले अंग मात्र स्वच्छ असेल, तर हवेतून उडणाऱ्या गवताच्या चुऱ्याचा संशय घ्यावा. दोन, गाव सोडून पंधरा दिवस मुलीकडे मुंबईला राहिले की बरे वाटते आणि परत एसटीतून उतरून चार दिवस शेतात गेले की पुन्हा सुरू, असे असेल तर दुखणे रक्तातले नसून रानातले आहे असे समजण्यास हरकत नाही. पावसाळ्यात वाढते, उन्हाने अधिक पेटते. गाजर गवताच्याच कुळातील शेवंती, सूर्यफूल व गोखरू यांनीही अशा माणसाला त्रास होऊ शकतो. दसऱ्याला शेवंती तोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी लावून पॅच टेस्ट करतात. पट्टी दोन दिवस ठेवतात, ती काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तेवढे दिवस पाठीला पाणी लागू द्यायचे नाही, एवढाच त्रास.

आता प्रत्येक खाजेचे खापर गाजर गवतावर फोडणेही बरोबर नाही.

आपल्या उसाचेच घ्या. पानाच्या देठावर कूस असते, काही जातींना जास्त, काहींना नगण्य. पाचट काढताना ती बोटांच्या कडांत रुतते. पानांच्या करवती कडेने बारीक चिरा पडतात आणि घामाने त्या चुरचुरतात. ही खाज लगेच येते आणि काम थांबले की दोन दिवसांत जाते. त्याला अॅलर्जी म्हणत नाहीत. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे एवढ्याने भागते.

बेणे प्रक्रियेबद्दल मात्र थोडे कान उघाडणी करावीशी वाटते. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम कालवून टिपरी दहा-पंधरा मिनिटे बुडवा, असे आम्ही दरवर्षी सांगतो, कीटकनाशक टाकायलाही सांगतो. पण ते द्रावण काठीने ढवळण्याऐवजी कोपरापर्यंत हात घालून ढवळणारे महाभाग आहेत. त्याहून वाईट म्हणजे ओली टिपरी सरीत मांडणाऱ्या बायांना मोजे देण्याचे कुणाच्या मनात येत नाही. दिवसभर त्यांचा हात त्या पाण्यात, आणि दुपारची भाकरी त्याच हाताने. रबरी मोज्यांचा जोड काही टिपऱ्यांपेक्षा महाग नाही. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा यांसारखी औषधे कातडीला लागली तर काही तासांत मुंग्या आल्यासारखी आग होते आणि सहसा दिवसभरात ओसरते. तिथे गरम पाण्याने शेकू नये, आग वाढते. साबण व गार पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावावे.

ज्यांची उसाबरोबर द्राक्षबाग आहे, आणि निफाड-दिंडोरी भागात असे सभासद पुष्कळ आहेत, त्यांना ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टिंगविषयी स्वतंत्र सांगणे आहे. डोळे फुटण्यासाठी काडीला जे हायड्रोजन सायनामाइड लावतात ते कातडी जाळणारे औषध आहे. फाटका मोजा घालून ते लावणे म्हणजे मोजा न घालण्याहून वाईट, कारण आत गेलेले औषध तिथेच कोंडते. आणि या औषधाचा दारूशी उभा दावा आहे. ते अंगात गेले असता दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, रक्तदाब खाली जाऊन माणूस कोसळणे असे प्रकार होतात. कामाच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर थेंबही घेऊ नये. मजुरांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे, संकोच करू नये.

खरूज वेगळी. ती रानातली नव्हे, माणसाकडून माणसाला होते. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बीळ करून राहतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला, काखेत बारीक पुरळ, आणि खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर अधिक. घरात एकाला असून दुसऱ्यालाही सुरू झाली तर निदान जवळजवळ झालेच. तोडणीच्या हंगामात कोप्यांमधून, एका पांघरुणात चार मुले झोपतात तिथे, ती हमखास पसरते. यावर पर्मेथ्रीन पाच टक्के हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने मोठ्या माणसांनी मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे, खाज असो वा नसो. कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. नुसते हाताला लावून खरूज जात नाही. टोळीच्या मुकादमांनी यात लक्ष घालावे अशी विनंती आहे.

घरातील माता-भगिनींचे हात तर बहुतेक पाण्यानेच बिघडतात. गोठा, धार, भांडी, धुण्याचा सोडा, पुन्हा भांडी. कातडीवरचे नैसर्गिक तेल निघून जाते, भेगा पडतात, खाज सुटते आणि मग लसूण सोलतानाही आग होते. इथे औषधापेक्षा सवय महत्त्वाची. हात धुतले की टिपून लगेच, ओलसर असतानाच, खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन. दिवसातून चार-पाच वेळा. अंगठ्या काढून धुवावे, कारण अंगठीखाली साबण साचतो.

ट्यूबचा धोका

आता त्या खिशातल्या ट्यूबविषयी. दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून जे मिळते त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध असे तिन्ही एकत्र असते. लावले की दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. खाज जर नायट्याची असेल तर स्टेरॉइडमुळे वरची लाली जाते आणि बुरशी खाली मजेत वाढत राहते. मग नायटा पसरतो, त्याचे नेहमीचे गोल कडे मोडते आणि डॉक्टरलाही ओळखू येत नाही. कातडी पातळ होते, ती वेगळीच. अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, तरी दुकानात काय चालते ते आपण पाहतोच. स्टेरॉइड वाईट नव्हे. गाजर गवताच्या पुरळावर डॉक्टर तेच देतात. पण कोणते, किती दिवस, आणि कधी थांबवायचे हे त्यांनी ठरवायचे, दुकानातल्या पोऱ्याने नाही.

तोवर घरी काय करावे? गवत हाताळल्यावर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, घरी जाण्याची वाट न पाहता, मोटारीच्या पाण्याखाली साबणाने हात धुवावेत. पुरळ ओले असेल, पाणी सुटत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, दिवसातून तीन-चार वेळा. कोरडे असेल तर तेल किंवा व्हॅसलीन. कॅलामाइनने थोडा गारवा येतो. नखे कापून टाकावीत, झोपेत खाजवणे कुणाच्या हातात नसते. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते, ती घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये.

बिब्बा मात्र कृपा करून लावू नका. बिब्ब्याचे तेल स्वतःच कातडी भाजते. रॉकेल, फिनेल, बॅटरीतले पाणी, चुना-तंबाखू, लिंबू-मीठ, लसणाचा लेप, हे सगळे आम्ही लावलेले पाहिले आहे, आणि त्यानंतर पिकलेले हातही पाहिले आहेत. पू झाला, ताप आला, सूज दंडाकडे चढू लागली, डोळे सुजले, किंवा मधुमेह असून भेगा भरत नसतील, तर ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. हंगाम संपल्यावर जाऊ म्हणू नये.

पुरळ काहीच नाही आणि तरीही खाज आहे, अशीही वेळ येते. मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड किंवा यकृताच्या दुखण्यात असे होते, तेव्हा रक्त तपासून घ्यावे. यात एक गोष्ट घरातील मोठ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. सुनेला किंवा लेकीला सातव्या महिन्यानंतर तळहात व तळपाय यांना, अंगावर पुरळ नसताना, रात्री झोपू न देणारी खाज सुटली, तर "बाळाला केस येताहेत" म्हणून हसण्यावारी नेऊ नये. यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याने ती येऊ शकते आणि पोटातील बाळाला धोका असतो. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्ताची तपासणी करावी.

मूळ काढायचे तर

गाजर गवताच्या अॅलर्जीवर कायमचा इलाज नाही. जुनाट आजारात त्वचारोगतज्ज्ञ अॅझाथायोप्रिनसारखी औषधे रक्त तपासत तपासत देतात व त्याने अनेकांना आराम पडतो, पण गवत दारात असेल तर औषध किती पुरे पडणार? तेव्हा उरते ते गवत हटवणे. एक झाड दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बी टाकते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि पाणी असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. म्हणून फुले आल्यावर उपटणे म्हणजे बी पेरणे आणि अंगावर घेणे, दोन्ही एकदम. पाऊस पडून जमीन ओली असताना, रोप वीतभर असताना, मुळासकट काढावे. हातात रबरी मोजे, आत सुती मोजे. नुसते सुती मोजे भिजले की रस आत येतो. अंगभर कपडे, नाका-तोंडाला उपरणे. ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत. फुलापूर्वीचे गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते, फुललेले टाकू नये. आणि ज्याला अॅलर्जी आहे त्याने बांधावर उभे राहून "मी फक्त सांगतो" असेही करू नये. उडणारा चुरा त्यालाच शोधत येतो. वाळलेल्या ढिगाला काडी लावण्याच्या वेळी तर त्याने घरीच थांबावे.

लागणीच्या उसात वापसा असताना उगवणीपूर्वी अॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन शिफारशीप्रमाणे मारल्यास पहिले तण बरेचसे अडते, आणि निंदणीच्या बायांच्या हाताला येणारे गवतही तितकेच कमी होते. बांधावर टू-फोर-डी चालते खरे, पण नाशिक जिल्ह्यात ते आम्ही हात राखूनच सांगतो. द्राक्षाला त्याचा नुसता वारा लागला तरी पाने पंख्यासारखी आखडतात. शेजाऱ्याची बाग जवळ असेल तर टू-फोर-डीचे नाव काढू नका, आणि तो पंप द्राक्षाला तर कधीच वापरू नका. ग्लायफोसेटवर २०२२ पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, तेव्हा तो मार्गही शेतकऱ्याला मोकळा राहिलेला नाही.

मेक्सिकन भुंग्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८४ साली बंगळूरकडे प्रथम सोडण्यात आला. पांढुरक्या पंखांवर काळसर नागमोडी रेषा असलेला, ज्वारीच्या मोठ्या दाण्याएवढा. तो व त्याची अळी गाजर गवताची पाने फस्त करतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने बरीच ओरड झाली होती, परंतु पिकाला त्याचा धोका नाही असेच पुढे आढळले. तो पावसाळ्यातच काम करतो, हिवाळ्यात जमिनीत दडतो. आपल्या बांधावर दिसला तर तिथे औषध मारू नये, शे-पाचशे भुंगे डब्यात धरून पाटाच्या कडेच्या गवतावर सोडावेत. मोकळ्या जागेत पावसाआधी टाकळ्याचे बी फेकून ठेवले तर टाकळा दाटतो आणि गाजर गवताला जागा देत नाही, हाही बिनखर्ची उपाय आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागरूकता सप्ताह जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयामार्फत देशभर पाळला जातो. आपल्याकडे आडसाली लागण तेव्हा चालू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते, आणि गवत बहुतेक फुलावर येण्याच्या बेतात असते. त्या आठवड्यात गाडीवाटा व चाऱ्यांच्या कडा सामुदायिकरीत्या साफ करायच्या असतील तर गटातील सभासदांनी आठ दिवस आधी चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात सांगावे, म्हणजे शेतकी खात्याची माणसे बरोबर येतील. येताना मोजे विसरू नयेत. ज्यांच्या हाताला आधीपासून खाज आहे त्यांनी त्या दिवशी गवताकडे न येता चहापाण्याची बाजू सांभाळावी.